यजमान आणि आगंतुक : आभासी यंत्र व मूळ संगणक यांच्यातील फाइलींची देवाणघेवाण

१९९० नंतरच्या दीड दशकात मराठी संस्थांनी ज्या स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि गौरवग्रंथ छापले, त्यांतील पुष्कळसे पेजमेकर या प्रोग्रामवर आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत जुळवले गेले होते. त्यांच्या छापील प्रती कोठे कपाटात, कोठे माळ्यावर शिल्लक आहेत. काही ठिकाणी मूळ फाइलींच्या सीडीही जपून ठेवलेल्या आढळतात. परंतु त्या फाइली आजच्या संगणकावर सहसा उघडत नाहीत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली आली. ती ज्या विंडोज एक्सपीवर सुखाने चालत असे, त्या प्रणालीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. ज्या लेखांत एखाद्या घरातील पहिल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पहिल्यांदा आपले नाव छापून आलेले पाहिले, ते लेख अशा रीतीने डोळ्यांसमोर असूनही वाचता येत नाहीत.

यावरील व्यवहार्य उपाय म्हणजे आभासी यंत्र. आजच्या संगणकाच्या पोटात जुना संगणक सॉफ्टवेअरच्या रूपाने उभा करावयाचा, त्यावर परवाना असलेली जुनी विंडोज आणि जुना प्रोग्राम बसवावयाचा आणि जुनी फाइल तेथे उघडावयाची. येथवरचे काम आमच्या वरिष्ठ वर्गांतील विद्यार्थी थोड्या सरावाने करू शकतात. खरी अडचण त्यानंतर येते. सीडीवरील फाइल त्या आतल्या संगणकात न्यावयाची कशी, आणि तेथे तयार झालेले काम बाहेर आणावयाचे कसे? ही देवाणघेवाण कशी घडते, तिचे मार्ग कोणते आणि ती करताना कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

दोन संज्ञा आणि एक जुने प्रकरण

ज्या खऱ्या संगणकावर आभासी यंत्र चालते, त्याच्या प्रणालीस होस्ट, म्हणजे यजमान, असे म्हणतात. आभासी यंत्राच्या आत चालणाऱ्या प्रणालीस गेस्ट, म्हणजे पाहुणा, असे म्हणतात. या दोघांच्या मध्ये राहून पाहुण्यास स्मृती, प्रोसेसरचा वेळ आणि डिस्क यांचा ठरावीक वाटा देणारा प्रोग्राम म्हणजे हायपरवायझर. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि लिनक्समधील केव्हीएम ही त्याची परिचित उदाहरणे होत.

आमच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना विनयपिटकाच्या आधाराने लवकर उमगते, असा आमचा अनुभव आहे. चुल्लवग्गातील वत्तक्खंधक या प्रकरणात विहारात नव्याने आलेल्या भिक्खूचे, म्हणजे आगंतुकाचे, आणि तेथे आधीपासून राहणाऱ्या आवासिक भिक्खूचे आचार सांगितले आहेत. आगंतुकाने पादत्राणे काढून, छत्री मिटून आत यावे. पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे कोणते, निवासाची जागा कोणती, भिक्षेसाठी कोठे जावे व कोठे जाऊ नये, संघाने ठरविलेले नियम कोणते, हे विचारून घ्यावे. आवासिकाने त्याचे स्वागत करावे आणि हे सर्व त्यास सांगावे. तेथे पाहुण्यास दार बंद नाही. मात्र संपूर्ण विहार त्याच्या स्वाधीनही केलेला नाही. फाइलींच्या देवाणघेवाणीत नेमकी हीच व्यवस्था लावावयाची असते. भेद इतकाच की भिक्खू स्वतः विचारतो आणि दिलेली मर्यादा पाळतो. पाहुणी प्रणाली काही विचारत नाही, म्हणून यजमानानेच मर्यादा आधी आखून ठेवावी लागते.

भिंत मुळात का आहे?

पाहुण्या प्रणालीस यजमानाच्या फाइली आपोआप का दिसत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर आभासी यंत्राच्या व्याख्येतच आहे. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी आभासी यंत्रासाठी ज्या अटी मांडल्या, त्यांतील एक संसाधनांच्या नियंत्रणाची आहे. सर्व संसाधने नियंत्रक प्रोग्रामच्या ताब्यात असावीत, आणि आतील प्रोग्रामला जे दिलेले नाही त्यास तो हात लावू शकू नये, असा तिचा आशय. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून विरत राहण्याचे आहे. येथे तो संयम मनावर सोपविलेला नसून यंत्राच्या रचनेत बसविलेला असतो.

व्यवहारात ही रचना अशी दिसते : पाहुण्या प्रणालीस जी संपूर्ण हार्ड डिस्क वाटते, ती यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते. पाहुणा त्या फाइलीच्या आत आपले फोल्डर मांडतो आणि त्याबाहेर जग आहे याची त्यास जाणीवही नसते.

मग त्या डिस्कच्या फाइलीतच यजमानाने थेट हात घालून आपली फाइल ठेवली तर? पाहुणा बंद असताना योग्य साधनाने हे करता येते. पाहुणा चालू असताना मात्र हे कदापि करू नये. प्रत्येक प्रणाली डिस्कवरील नोंदींची एक प्रत आपल्या स्मृतीत बाळगते आणि तीच खरी मानते. दुसऱ्या कोणी डिस्कवर लिहिले तर तिला ते कळत नाही. ती आपली जुनी नोंद वर लिहिते आणि दोघांचेही काम बिघडते. एकाच हजेरीपटाच्या दोन प्रती दोन शिक्षकांनी वेगवेगळ्या भरल्या आणि संध्याकाळी एकावर दुसरी उतरवली, तर जे होईल तसाच हा प्रकार आहे.

हा प्रश्न आजचा नाही. आयबीएम कंपनीने १९७२ साली जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र आभासी संगणक मिळत असे. एकाने दुसऱ्यास फाइल पाठवावयाची असल्यास तो ती आपल्या आभासी कार्ड-पंच यंत्रावर ‘छापी’, आणि ती कार्डे दुसऱ्याच्या आभासी कार्ड-वाचकात जाऊन पडत. प्रत्यक्षात एकही कार्ड नसे. दुसरा मार्ग एकाची छोटी डिस्क दुसऱ्यास जोडून देण्याचा होता, आणि तेथे वाचण्याचा अधिकार व लिहिण्याचा अधिकार वेगळे ठेवलेले असत. पाठवणे आणि जोडून देणे, हे दोन प्रकार अर्धशतकानंतरही तेच राहिले आहेत.

चार मार्ग

पहिला मार्ग क्लिपबोर्डचा. यजमानाकडे कॉपी केलेला मजकूर पाहुण्यात पेस्ट करता येतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय बंद, एका दिशेने किंवा दोन्ही दिशांनी अशी ठरवता येते. चार ओळींसाठी ती पुरेशी आहे. तथापि जुन्या मराठी मजकुराबाबत येथे फसगत होते. युनिकोडपूर्व फॉन्टांत अक्षराचा संकेत रोमन लिपीचा असतो आणि केवळ आकृती देवनागरीची असते. क्लिपबोर्ड संकेत नेतो, आकृती नेत नाही. परिणामी बाहेर आणलेला परिच्छेद रोमन अक्षरांच्या निरर्थक माळेसारखा दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्या विशिष्ट फॉन्टसाठी केलेल्या परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि त्यासाठी मूळ फॉन्टचे नाव आधीच टिपून ठेवावे लागते.

दुसरा मार्ग वस्तू हातात देण्याचा. सीडी, सीडीची आयएसओ प्रतिमा किंवा पेनड्राइव्ह पाहुण्यास जोडता येतो. आयएसओ प्रतिमा केवळ वाचता येते, म्हणून जुना ठेवा आत नेण्यास ती फार सुरक्षित आहे. पेनड्राइव्ह थेट पाहुण्याच्या स्वाधीन केला की तेवढा वेळ तो यजमानास दिसत नाही, कारण एका वेळी त्याचा धनी एकच असतो. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग नेटवर्कचा. दोन स्वतंत्र संगणक जसे एकमेकांचे फोल्डर वापरतात, तसेच यजमान व पाहुणा करू शकतात. आधुनिक प्रणालींत हा मार्ग चांगला आहे. विंडोज एक्सपीला मात्र एसएमबी या संवादपद्धतीची केवळ पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे संगणक वेठीस धरले, ते याच पहिल्या आवृत्तीतील दोषाच्या वाटेने. नव्या विंडोजमध्ये ती आवृत्ती सहसा बंद ठेवलेली असते. एका जुन्या पाहुण्यासाठी यजमानाने ती पुन्हा चालू करणे आम्ही योग्य मानत नाही.

चौथा मार्ग सामायिक फोल्डरचा, म्हणजेच शेअर्ड फोल्डरचा. येथे यजमानावरील एक फोल्डर निवडून तेवढाच पाहुण्यास दाखवला जातो. पाहुण्याने फाइल मागितली की ती मागणी हायपरवायझरकडे जाते, तो यजमानावर ती फाइल उघडतो आणि मजकूर पाहुण्यास देतो. डिस्कला हात लावणारा यजमान एकटाच असल्यामुळे वर सांगितलेला दोन हजेरीपटांचा घोटाळा उद्भवत नाही. केव्हीएममध्ये यासाठी पूर्वी बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या प्रणालीतून आलेली नाइन-पी पद्धत वापरीत. २०१९ साली लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपासून व्हर्टआयओ-एफएस ही अधिक वेगवान पद्धत उपलब्ध झाली. आमच्या पाठासाठी व्हर्च्युअलबॉक्सचेच उदाहरण घेऊ.

सामायिक फोल्डरची कृती

१. प्रथम पाहुण्या प्रणालीत गेस्ट अॅडिशन्स हा संच बसवावा. पाहुणा चालू असताना ‘डिव्हाइसेस’ या मेनूतून त्याची सीडी-प्रतिमा जोडता येते. हा संच म्हणजे पाहुण्याला यजमानाची भाषा शिकविणारा दुभाषा होय. त्याच्याशिवाय पुढील काहीही चालत नाही.

२. यजमानावर देवाणघेवाणीसाठी नवे, रिकामे फोल्डर तयार करावे. आपले संपूर्ण डॉक्युमेंट्स फोल्डर किंवा अख्खा ड्राइव्ह कधीही देऊ नये.

३. आभासी यंत्राच्या सेटिंग्जमधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ या विभागात त्या फोल्डरचा मार्ग व एक छोटे नाव द्यावे. ‘रीड-ओन्ली’ या चौकटीवर खूण केल्यास पाहुणा फक्त वाचू शकतो. ‘ऑटो-माउंट’वर खूण केल्यास फोल्डर आपोआप जोडला जातो.

४. पाहुणा विंडोज असल्यास फोल्डर नेटवर्क ड्राइव्हच्या रूपात दिसतो. तो लिनक्स असल्यास सामान्यतः ‘मीडिया’ या निर्देशिकेत, नावाआधी ‘एसएफ’ ही अक्षरे लागून दिसतो. दिसूनही तो उघडत नसेल, तर वापरकर्त्याचे नाव ‘व्हीबॉक्सएसएफ’ या गटात घालावे आणि लॉग-आउट करून पुन्हा आत यावे. विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ याच पायरीवर जातो.

५. जुनी फाइल सामायिक फोल्डरमध्येच उघडून काम करू नये. ती आधी पाहुण्याच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवावी, तेथे काम करावे, आणि तयार झालेली पीडीएफ किंवा मजकुराची फाइल बाहेर पाठवावी. जुने प्रोग्राम काम चालू असताना तात्पुरत्या फाइली बनवतात व मूळ फाइलीत लिहितात. मूळ ठेव्यावर हा प्रयोग नको.

मराठी नावांविषयी

फाइलीचे नाव मराठीत असावे, ही इच्छा रास्त आहे. परंतु दोन प्रणालींच्या सीमेवर नावांचीच तपासणी कडक होते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसत असले तरी त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकाराची मात्रा असे ६ संकेत, म्हणजे १८ बाइट असतात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या डिस्करचनेत नावास २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे देवनागरीत जास्तीत जास्त ८५ संकेत. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये हीच मर्यादा २५५ संकेतांची आहे. त्यामुळे विंडोजवर सुखाने नांदणारे शंभर संकेतांचे मराठी नाव लिनक्सच्या दारात अडते. शिवाय एक्सपीच्या काळातील अनेक प्रोग्रामना देवनागरी नाव वाचताच येत नाही आणि त्याजागी प्रश्नचिन्हे उमटतात. तसेच लिनक्स रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे वेगळी मानतो, विंडोज एकच मानतो. म्हणून ये-जा करणाऱ्या फाइलीस आम्ही लहान रोमन अक्षरांचे छोटे नाव देतो आणि अंतिम संग्रहात तिला तिचे मराठी नाव परत देतो.

मर्यादा का पाळावी?

आभासी यंत्राचा मोठा गुण असा की त्याचा स्नॅपशॉट घेता येतो. काही बिघडले तर पूर्वीच्या क्षणाकडे परत जाता येते. या सोयीमुळे विद्यार्थी निर्धास्त होतात, आणि पाहुण्याच्या डिस्कपुरती ती निर्धास्तता योग्यही आहे. परंतु सामायिक फोल्डर पाहुण्याच्या डिस्कवर नसतोच. त्यातील फाइल एकच असते आणि ती यजमानाच्या भूमीवर असते. पाहुण्याने ती पुसली तर ती खरोखर पुसली जाते. स्नॅपशॉटकडे परतल्याने ती येत नाही, आणि बहुतेक वेळा ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. पाहुण्यात खंडणीखोर प्रोग्राम शिरला, तर लिहिण्याची मुभा असलेल्या सामायिक फोल्डरमधील फाइलीही तो कुलूपबंद करील.

दाराची चौकटही सदोष असू शकते. फेब्रुवारी २००८ मध्ये कोअर सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी व्हीएमवेअरच्या तत्कालीन काही आवृत्त्यांतील दोष जाहीर केला. यजमान विंडोज असताना आणि सामायिक फोल्डर चालू असताना, पाहुण्यातील प्रोग्राम फोल्डरच्या मार्गाची तपासणी चुकवून यजमानाच्या इतर फाइलींपर्यंत पोहोचू शकत असे. दुरुस्ती होईपर्यंत सामायिक फोल्डर बंद ठेवणे, हाच सल्ला त्यावेळी दिला गेला. व्हर्च्युअलबॉक्सही पाहुण्यास सामायिक फोल्डरमध्ये प्रतीकात्मक दुवे तयार करण्याची मुभा मुळात देत नाही. फोल्डरबाहेर बोट दाखविणारा दुवा हीदेखील एक चोरवाट ठरू शकते, हे त्याचे कारण.

म्हणून आम्ही प्रयोगशाळेत पुढील शिस्त ठेवली आहे. जुन्या पाहुण्याचे नेटवर्क पूर्ण तोडलेले असते. सामायिक फोल्डर नेटवर्कवर अवलंबून नसल्याने काम अडत नाही. ‘आवक’ आणि ‘जावक’ असे दोन फोल्डर असतात. आवक केवळ वाचण्यासाठी आणि जावक लिहिण्यासाठी. जावकमध्ये आलेली प्रत्येक फाइल विषाणू-तपासणीनंतरच संग्रहात जाते आणि जावक त्याच दिवशी रिकामा केला जातो. मूळ सीडीची प्रतिमा दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवलेली असते. काम संपले की दोन्ही फोल्डर आभासी यंत्रापासून काढून टाकले जातात.

संगणकशास्त्राच्या दृष्टीने ही शिस्त साधी आहे. तरीही वसतिगृहात वाढणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिचे मोल आम्हांस अधिक वाटते. यातील अनेकजण पुढे कार्यालयांत, बँकांत, रुग्णालयांत काम करतील आणि इतरांची कागदपत्रे त्यांच्या हाती येतील. कोणास किती द्यावे, किती काळ द्यावे आणि दिलेले परत कधी घ्यावे, याची सवय या छोट्या दोन फोल्डरांवर लागली, तर ती तेथेही उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. पाहुणा चालू असताना त्याची डिस्क-फाइल यजमानाने बदलल्यास काय होते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. आपल्या पूर्ण नावाचे यूटीएफ-८ मधील बाइट मोजा. मात्रा, अनुस्वार व हलन्त विसरू नका. मधल्या मोकळ्या जागेस १ बाइट धरा.

३. एका नमुना फाइलीची प्रत सामायिक फोल्डरमध्ये ठेवून स्नॅपशॉट घ्या, पाहुण्यातून ती पुसा, स्नॅपशॉटकडे परता आणि काय दिसते त्याची नोंद करा.

४. आवक फोल्डरवर ‘रीड-ओन्ली’ची खूण नसेल, तर कोणते तीन धोके संभवतात?

या स्मरणिकेच्या वाचकांत माजी विद्यार्थी, शिक्षक आणि मुद्रणव्यवसायातील हितचिंतक आहेत. आपल्यापैकी कोणाकडे जुन्या मराठी प्रकाशनांच्या सीडी किंवा फ्लॉपी असतील, तर त्यांची प्रतिमा यावर्षीच करून ठेवावी, अशी आमची विनंती आहे. सोबत प्रोग्रामचे नाव, फॉन्टचे नाव आणि प्रकाशनाचे साल एका कागदावर लिहून जोडावे. सीडीचा थर काळानुसार उतरतो आणि फॉन्टचे नाव जाणणारी माणसे निवृत्त होतात. यंत्र उभे करणे आणि त्यातून मजकूर सुखरूप बाहेर आणणे हे काम आमचे विद्यार्थी आनंदाने करतील.

सर्वांचे मंगल होवो.